जास्तीचा पत्रा

१

सकाळी साडेसातला मेजर शेडचं कुलूप काढायचे आणि आत पाऊल टाकायच्या आधी दारातूनच एकदा सगळीकडे नजर फिरवायचे. तीस वर्षं कामगारांच्या पाळीवर नजर ठेवलेला माणूस, ती खोड निवृत्त झाल्यावर थोडीच जाणार? पाने आपापल्या खिळ्यांना. तेलकट फडक्यांची टोपली कोपऱ्यात. भिंतीवर ओळीने सात जुन्या रायफली, सगळ्या निकामी केलेल्या. मधोमध ट्रक.

मेजर म्हणजे खरेखुरे मेजर नव्हेत हो. तरुणपणी एकदा भरतीला गेले होते. छाती अर्धा इंच कमी भरली, तसे परत आले आणि पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात चिकटले. फोरमन म्हणून निवृत्त झाले. पण भंगारात गेलेल्या लष्करी गाड्या उचलून आणायच्या आणि स्क्रूसकट मूळच्यासारख्या करायच्या, हा नाद असा काही लागला की शेजाऱ्यांनीच त्यांना मेजर करून टाकलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार न केलेली त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव गोष्ट.

त्या दिवशी ते केबिनमध्ये चढले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि लगेच कपाळाला आठी पडली. समोरच्या काचेच्या वर लावलेला आरसा हललेला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो स्वतःच्या नजरेला बेतून बसवला होता. आता त्यात मागच्या हौद्याचं पार शेवटचं टोक दिसत होतं, मागे उघडणाऱ्या फाळक्याची साखळी आणि तिच्याखालचा हातभर अंधार.

"झालं! लावला हात साडूबुवांनी," मेजर एकटेच करवादले आणि आरसा परत जागेवर आणला.

साडू दहाला आले. उंच, सडपातळ, एक गुडघा कामातून गेलेला, आणि कसली म्हणून घाई नाही. कुलुपं-तिजोऱ्यांची दुरुस्ती करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. हात असे बारीक की रायफल निकामी करण्याचं सगळं काम त्यांच्याकडे असायचं. नळीत पोलादी सळई ठोकून ती आतून जोडून टाकायची, गोळीवर आदळणारी पिन कापायची, बाहेरून मात्र ओरखडा दिसता कामा नये. बावीस वर्षांत साडूंनी बंद केलेल्या बंदुकीवर कुणी बोट ठेवू शकलं नव्हतं. मेजर हे साडूंच्या तोंडावर कधीच बोलत नसत. बाकी गावभर सांगत.

"आरशाला हात का लावलास?"

"कुठल्या आरशाला?"

"इथे काय शंभर आरसे आहेत? हात लाव, माझी ना नाही, पण पुन्हा होता तसा करत जा!"

"मेजर, मी केबिनमध्ये चढलोच नाही. हा गुडघा घेऊन चढू कसा?" साडू म्हणाले आणि चहाचा थर्मास उघडायला लागले. मेजरांचा पारा त्या थर्मासनेच आणखी चढला.

घराच्या खिडकीतून मेजरांची बायको हे ऐकत होती. घरात दोघी बहिणींना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मेजरांना दिलेली, धाकटी साडूंना. दुपारी जेवताना थोरली म्हणाली, "रंगारी गेला तुमच्या तोंडाला कंटाळून. वायरिंगवाला गेला. तो म्हातारा ड्रायव्हर, देवमाणूस, तोही गेला. हा एकच उरलाय. हाही गेला तर शेडमध्ये भिंतींवर ओरडत बसा."

"मी ओरडतो?" मेजर ओरडले.

२

खरं तर त्या दोघांची धुसफूस आरशाच्या आधी, पत्र्यापासून सुरू झाली होती.

हा ट्रक म्हणजे केबिन आणि मागचा हौदा यांच्यामध्ये काही आडोसा नसलेला नमुना. ड्रायव्हरच्या पाठीमागे लगेच दोन लांब बाकडी, वर ताडपत्री. गाडीच्या मूळ पुस्तकात तसंच चित्र होतं. पण यांना मिळालेल्या ट्रकला सीटच्या मागे कुणीतरी जाड पत्रा ठोकला होता, खालपासून वरपर्यंत. मधोमध वीतभर खिडकी, तिला दुहेरी जाळी. वरचा आरसाही मूळचा नव्हताच. तो त्या खिडकीच्या रोखाने बसवलेला होता.

"जास्तीचा आहे, काढायचा," मेजर म्हणाले होते.

साडू बराच वेळ त्या पत्र्याच्या कडा चाचपत राहिले. "हे जोडकाम बघितलंत? घाईघाईत केलंय. हात कापत होता करणाऱ्याचा. आणि सगळं केबिनच्या बाजूने जोडलंय. म्हणजे पत्रा लावणारा सीटवर बसून लावत होता."

"मग?"

"मग काही नाही. ज्याने लावला त्याने काहीतरी विचार करूनच लावला असेल. राहू द्या की."

आता राहू द्या कसं? दर वर्षी जुन्या लष्करी गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथला परीक्षक भिंग घेऊन गाडीखाली सरपटतो. मागच्या वर्षी मेजरांच्या जीपला साडेनव्याण्णव गुण मिळाले. एका, फक्त एका स्क्रूच्या डोक्यावर सरळ खाचेऐवजी फुली होती, म्हणून अर्धा कापला. आठवडाभर मेजरांना अन्न गोड लागलं नाही. अशा माणसाला तुम्ही सांगता, की पुस्तकात नसलेला अख्खा पत्रा राहू द्या!

त्यांनी स्वतः ग्राइंडर धरला. दुपारभर ठिणग्या उडत होत्या. पत्रा सुटून खाली आला तेव्हा हौद्यातली कोंडलेली हवा केबिनमध्ये आली, जुन्या ओल्या लोकरीसारखा वास असलेली. साडू शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. मेजरांनी पत्रा मागच्या भिंतीशी आडवा टाकला आणि त्यावर रंगाचे डबे मांडले. आरसा तेवढा शेवटी काढायचा ठरवलं, कारण तो काढला की दोन भोकं बुजवून रंग द्यावा लागणार होता.

३

आरसा दुसऱ्या दिवशीही हललेला होता. तिसऱ्या दिवशीही.

मेजरांनी आधी कारणं शोधली. सांधा सैल असेल. त्यांनी तो असा आवळला की आरसा हलवायचा तर दोन्ही हात लागावेत आणि कर्रकर्र आवाज यावा. पत्र्याचं छत दिवसा तापतं, रात्री आकसतं, त्यानेही होत असेल. सगळं पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट पटत नव्हती. आपोआप हलणारी वस्तू खाली घसरते. हा आरसा दर वेळी कशावर तरी नेमका धरलेला असायचा.

चौथ्या सकाळी ते आरशाला हात न लावता सीटवर बसले, आणि त्यात काय दिसतंय ते बघितलं. उजव्या बाकड्याचं मागचं टोक. मेजर खाली उतरले आणि तिथे खडूने एकचा आकडा लिहिला. पाचव्या दिवशी आरशात बाकड्यावरची त्याच्या अलीकडची जागा होती. त्यांनी दोन लिहिला. सहाव्या दिवशी तीन. तीनचा आकडा बाकड्याच्या मध्याच्याही अलीकडे आला होता.

सातव्या दिवशी आरसा तीनवरच होता. पण रायफल जागेवर नव्हती.

या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्याशी रायफल उभी ठेवायची खोबण असते. दस्ता खाली, नळी वर. पुस्तकात तसंच, म्हणून मेजरांनीही तशीच ठेवलेली, साडूंनी बंद केलेली सर्वांत देखणी रायफल. आता ती सीटच्या पाठीवर आडवी टाकलेली होती. दस्ता ड्रायव्हरच्या खांद्याशी, नळी मागे, हौद्याकडे रोखलेली.

आता मात्र मेजरांचा तोल गेला. साडू दारातून आत येतात न येतात तोच त्यांनी तोफ डागली. "हा काय पोरखेळ लावलायस? आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय! आरसे फिरवायचे, बंदुका उलट्यासुलट्या ठेवायच्या! पत्रा काढला म्हणून मला घाबरवतोस? कुलूपवाला माणूस तू, तुला आत यायला किल्ली थोडीच लागते!"

साडूंनी थर्मास खाली ठेवला. ते रायफलीकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मेजर, बंद असली तरी मी बंदूक कुणाकडे रोखून ठेवत नाही. बावीस वर्षं तुम्ही माझं काम बघताय."

"कुणाकडे म्हणजे? तिकडे कोण बसलंय?"

साडूंनी एकदा हौद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही मला चोर ठरवलंत." आणि थर्मास तिथेच विसरून, लंगडत निघून गेले.

मेजर मनात म्हणाले, जा. गरज कुणाला आहे? संध्याकाळपर्यंत एकट्याने काम केलं. पाना हातातून चार वेळा पडला. उचलून द्यायला कुणी नव्हतं, आणि ओरडायला तर नव्हतंच नव्हतं.

४

थोरलीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धाकटीचा फोन आला होता. तिचे हे घरात नुसते बसून आहेत म्हणे. शेडमध्ये जाऊ नका म्हणावं मेजरांना, असं म्हणताहेत. तुम्ही त्यांना चोर म्हणालात?"

"मी चोर म्हणालो नाही. कुलूपवाला म्हणालो."

"धन्य आहे तुमची!"

त्या संध्याकाळी मेजरांनी एक गोष्ट केली. कारखान्यात सुट्टीच्या आधी कोठार बंद करताना करत तशीच. शेडच्या दाराच्या दोन्ही फळ्यांवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर आडवी सही केली. खिडक्यांनाही पट्ट्या. आरसा नजरेला बेतला, रायफल खोबणीत उभी केली.

सकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. सही अखंड. मेजरांनी स्वतः ती नखाने फाडली आणि आत गेले.

रायफल सीटच्या पाठीवर होती. आरशात बाकड्याचं पुढचं टोक दिसत होतं, ड्रायव्हरच्या मानेपासून दीड हातावरचं. थोरलीने तिथे नवी गादी शिवून दिली होती, खाकी कॅनव्हासची. अजून तिच्यावर कुणी टेकलंही नव्हतं. त्या जागी गादी दबलेली होती. मेजरांनी वळून तळहात ठेवला. गादी थंड होती आणि दमट.

"मांजर," ते मोठ्याने म्हणाले. "खिडकीच्या फटीतून येत असेल मांजर." मांजर आरसा कशाला फिरवेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारू दिला नाही.

मग ते सरळ साडूंच्या घरी गेले. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, म्हणून विसरलेला थर्मास पुढे केला. "हा घे. आमच्या घरात अडगळ झालीय." साडूंना कळलं. बावीस वर्षांत एवढं कळायला लागतं.

दोघे शेडवर परत आले. साडूंनी पत्र्यावरचे रंगाचे डबे एकेक करून खाली काढले, पत्रा मेजरांच्या मदतीने उभा केला आणि दुसरी बाजू दाखवली. हौद्याकडची. मेजरांनी ती इतक्या दिवसांत बघितलीच नव्हती. पुढून फुगवटे दिसायचे, ते त्यांनी जुनेपणात काढले होते; मागून मात्र ते ठोकून पडलेले पोचे होते. एकाच पट्ट्यात, दहा-बारा ठिकाणी.

"ब्रेक मारला की मागचं सामान येऊन आदळतं," मेजर म्हणाले.

"सामान या उंचीवर?" साडू म्हणाले. दोघांनी मिळून पत्रा सीटच्या मागे उभा टेकवला. "बसा बरं तुम्ही."

मेजर बसले. सगळे फुगवटे त्यांच्या डोक्याच्या मागे आले.

"मेजर, आरसा फिरवतो तो पत्रा लावणाराच असणार, आणि तो आपल्याला त्रास देत नाहीये," साडू हळू म्हणाले. "तो आपला मागे लक्ष ठेवून होता. पत्रा होता तोवर त्याला धीर होता. आपण तो काढला. त्याच्या हातात बंदूक दिली, तीही मी बंद केलेली. पत्रा परत लावू. मी लावतो, आजच्या आज."

क्षणभर मेजरांना वाटलं, हो म्हणावं. खरंच वाटलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.

"पाच गुण जातील रे. रविवारी प्रदर्शन होऊ दे. सोमवारी तुला हवा तर दुहेरी पत्रा लाव, मी अडवणार नाही."

"नक्की?"

"मेजरचा शब्द!"

"भरतीत नापास झालेल्या मेजरचा," साडू म्हणाले. दोघेही हसले, पण शेडमध्ये ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

शनिवारी मेजरांनी आरसा काढला, भोकं बुजवली, वर रंग दिला. हात फिरवून बघितला तर कुठे होता ते कळतही नव्हतं.

५

रविवार उजाडला तो लख्ख. दहा वाजता ट्रक शेडबाहेर आला तेव्हा दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. थोरली म्हणाली, "साडूंना केबिनमध्ये बसवा ना." पण केबिनमधल्या दुसऱ्या सीटवर मूळ पुस्तकाप्रमाणे वायरलेसची जड पेटी बसवलेली होती. ती हलवायची तर अर्धा दिवस गेला असता.

"मी मागेच बसतो," साडू म्हणाले. "पार शेवटी, फाळक्याशी. तिथून सगळा हौदा नजरेत राहतो."

"कसली नजर ठेवतोस? वाट्टेल ते!" मेजर म्हणाले. मात्र स्वतः मागे जाऊन त्यांनी साडूंना हात देऊन वर चढवलं. असं ते याआधी कधी करत नसत.

या ट्रकचं इंजिन म्हणजे कानाशी गिरणी. मागचा माणूस काय ओरडतोय ते पुढे कळत नाही. म्हणून दोघांची पहिल्या गाडीपासूनची पद्धत होती. मागून हौद्याच्या कडेच्या पत्र्यावर दोन ठोके म्हणजे चल. एक ठोका म्हणजे थांब. तिसरी खूण नव्हतीच.

दोन ठोके आले. मेजर निघाले.

रस्त्यावर लोक थांबून बघत होते. एका बसमधल्या सगळ्या खिडक्या वळल्या. मेजरांची छाती त्या दिवशी मोजली असती तर अर्धा इंच जास्तच भरली असती. मानेला मात्र मागून गार लागत होतं. ताडपत्री नीट बांधली नसेल साडूने, त्यांच्या मनात आलं. एक काम धड करेल तर शपथ.

पेट्रोल पंपावर एक ठोका आला. मेजर थांबले. टाकी भरून घेतली. इंजिन चालू केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. अकराच्या आत मैदानावर पोचायचं होतं, उशिरा येणाऱ्याचा एक गुण कापतात. सवयीने त्यांनी मान वर करून आरशात बघितलं. तिथे हिरवा रंग होता, दुसरं काही नाही.

दोन ठोके आले. मेजरांनी गाडी काढली.

६

मोठ्या रस्त्याला लागल्यावर शर्टच्या खिशात फोन थरथरला. साडूंचं नाव बघून मेजर वैतागले.

"अरे, मागे बसून फोन कसले करतोस?"

"मेजर! मला सोडून कुठे निघालात?" साडूंना धाप लागली होती. "मी पंपावर उभा आहे. पाण्याची बाटली आणायला उतरलो होतो. ओरडलो, पळालो, पण हा गुडघा..."

"थट्टा नको हं. आत्ता तूच ठोके दिलेस."

"मी नाही दिले."

मेजरांना तेव्हा आठवलं. घरून निघताना आले ते ठोके लांबून आले होते, फाळक्याकडून. पंपावरचे दोन मात्र त्यांना पाठीत जाणवले होते. सीटच्या पाठीच्या पत्र्यावर, कमरेच्या जरा वर.

त्यांनी वळून बघितलं नाही. तेवढं धैर्य कुठल्याच भरतीत मोजत नाहीत. रस्त्याच्या कडेला फर्निचरचं मोठं दुकान होतं, जमिनीपासून छतापर्यंत काच. त्या काचेत हिरवा ट्रक सरकत गेला, नवाकोरा दिसणारा, शंभरपैकी शंभर. स्टिअरिंगवर एक म्हातारा माणूस. त्याच्या मागे बाकड्याच्या पुढच्या टोकावर कुणीतरी ओणवं बसलं होतं, जागा अपुरी असल्यासारखं. त्याचं तोंड काचेकडे नव्हतं, रस्त्याकडेही नव्हतं. ते मेजरांच्या मानेकडे होतं, अगदी जवळ. मग दुकान संपलं आणि भिंत लागली.

"मेजर, तुम्ही ऐकताय ना?" साडू फोनवर म्हणत होते. "गाडी बाजूला घ्या. मी मिळेल त्या गाडीने येतो, दहा मिनिटांत पोचतो. थांबा तिथेच."

"येऊ नकोस."

"काय?"

"येऊ नकोस म्हटलं ना! एकदा तरी ऐक रे माझं आयुष्यात!" मेजरांचा आवाज चिरकला. "घरी जा. थोरलीला शेडमध्ये जाऊ देऊ नकोस. आणि..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नव्हते. ते अडखळत आले. "पत्र्याचं तुझं बरोबर होतं. चोर तू नव्हतास. तुझ्याइतका सरळ माणूस मी बघितला नाही. गावभर सांगत आलोय, तुला तेवढं सांगायचं राहिलं."

"हे काय बोलताय? थांबा हो मेजर! मी आलोच!"

समोर प्रदर्शनाच्या मैदानाची कमान दिसायला लागली. कमानीखाली माणसांची गर्दी, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, भिंग लटकावलेला परीक्षक. त्याने हिरवा ट्रक ओळखला आणि हात वर केला. मेजरांनी कमानीच्या अलीकडेच स्टिअरिंग वळवलं, बंद पडलेल्या कारखान्यांच्या रस्त्याला. तिथे रविवारी चिटपाखरू नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं त्याच रस्त्याने ते कामावर गेले होते.

फोन त्यांनी वायरलेसच्या पेटीवर ठेवून दिला. एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने गुडघ्याजवळची रायफल खोबणीतून काढली आणि खांद्यावरून सीटच्या पाठीवर टेकवली. दस्ता खांद्याशी, नळी मागे. दर सकाळी सापडायची तशीच. हात आपसूक तिथे गेला. दुसरीकडे कुठे ठेवणार होते ते तरी? नळीत सळई होती, आतून जोडलेली. पिन कापलेली होती. साडूंच्या हातचं काम. त्यात चूक निघणं शक्य नव्हतं.

इंजिनच्या आवाजातही, अगदी कानामागे, कॅनव्हासच्या गादीचा आवाज आला, कुणी उठताना येतो तसा. मानेवरचं गार आता कानाशी आलं. ओल्या लोकरीचा वास.

पेटीवरच्या फोनमधून साडू ओरडत होते, "थांबा हो! थांबा!" आणि मागून, सीटच्या अगदी वरच्या कडेवर, एकच ठोका पडला.

मेजरांनी जन्मात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला.